हजेरीपटावरची पलटण

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचा एक वाजत आला होता. पाणी प्यायला उठलो तर बाहेरच्या खोलीत उजेड दिसला. आमचा भाचा कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसला होता आणि दबक्या आवाजात इंग्रजीत हुकूम सोडत होता. मध्येच एकेक नाव पुकारी, थांबे, आणि शेजारच्या वहीत खूण करी. आमच्या मनात पाल चुकचुकली. रात्री-अपरात्री जागून पोरगा कोणाशी बोलतो, कसली नावे लिहितो? मोबाईलवरच्या जुगारापायी वस्तीतली चांगली चालती घरे कर्जात बुडालेली आम्ही पाहिली आहेत.

"काय चाललंय रे?" आम्ही विचारले.

तो दचकला. हेडफोन काढून म्हणाला, "मामा, तुम्ही झोपला नाहीत? हजेरी घेतोय. पलटणीची."

"कसली पलटण?"

त्याने खुर्ची सरकवून आम्हाला जागा करून दिली. पडद्यावर हिरवे माळरान होते आणि त्यावर लाल डगले घातलेले पंचवीस-तीस शिपाई खांद्याला खांदा लावून उभे होते. एकाच्या हातात निशाण, एकाच्या गळ्यात ड्रम. भाच्याने सांगितले की, यातला प्रत्येक शिपाई म्हणजे कुठल्या तरी गावातल्या घरात बसलेला खराखुरा माणूस आहे, आणि आत्ता त्या सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू जातो आहे.

त्या रात्री त्याने जे दाखवले आणि पुढे वर्षभर आमच्या घरात जे घडले, ते आमच्या वाचक बंधू-भगिनींना सांगावे असे वाटले. विषय पोरांच्या खेळाचा आहे खरा. पण बोलता बोलता तो आपल्या आडनावापर्यंत येऊन पोहोचला, म्हणून या पानावर त्याला जागा देत आहोत.

खेळातली पलटण

मोबाईलवर एकट्याने खेळायचे खेळ सर्वांना ठाऊक आहेत. हे खेळ तसे नाहीत. युरोपात नेपोलियनच्या काळी ज्या लढाया झाल्या, त्यांवर २०१२ साली ‘माउंट अँड ब्लेड : वॉरबँड’ या खेळाची ‘नेपोलियॉनिक वॉर्स’ नावाची पुरवणी निघाली. पुढे ‘होल्डफास्ट : नेशन्स ॲट वॉर’ आला. २०१७ मध्ये तो अर्धाकच्चा लोकांपुढे ठेवला गेला आणि २०२० मध्ये पूर्ण झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धावर ‘वॉर ऑफ राइट्स’ नावाचा खेळ आहे, तो २०१८ पासून लोक खेळत आहेत. होल्डफास्टच्या एका मैदानावर दीडशे माणसे एकाच वेळी उतरू शकतात. कोणी मँचेस्टरहून, कोणी वॉर्सावरून, कोणी टेक्सासमधून.

आता दीडशे माणसे मनाला येईल तशी धावू लागली तर तो नुसता गोंधळ. म्हणून खेळणाऱ्यांनी आपल्या आपण पलटणी बांधल्या. इतिहासातल्या खऱ्या पलटणीचे नाव घ्यायचे, तिचा गणवेश घालायचा, तिचा आकडा आपल्या खेळातल्या नावाआधी लावायचा, आणि आठवड्यातून दोन-तीन ठरलेल्या वेळी जमायचे. खेळ विकणाऱ्या कंपनीने त्यांना हे करायला सांगितलेले नाही. त्यांना पगार नाही, बक्षीस नाही. तरी काही पलटणी दहा-दहा वर्षे चालल्या आहेत.

ओळीत उभे का राहायचे, हे आम्हीही विचारले. गोळ्या येत असताना ताठ उभे राहणे म्हणजे वेडेपणा नव्हे काय? भाच्याने समजावले. त्या काळची बंदूक ठासणीची. दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा. कसलेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन-तीन बारच काढी. नळी आतून गुळगुळीत असल्याने शंभर यार्डांच्या पुढे नेम धरून उपयोग नसे. एकट्याची गोळी वाया जायची. पण पन्नास जणांनी एका हुकमाने बार काढला तर समोरची फळी फुटायची. म्हणजे त्या बंदुकीची ताकद बंदुकीत नव्हती, ओळीत होती. जो ओळ सोडी तो स्वतः मरे आणि शेजाऱ्यालाही उघडे पाडी.

खेळातही नेमके हेच होते. लाइनबॅटल म्हणून जी ठरवून केलेली लढाई असते, तिच्यात एका फेरीत प्रत्येकाला एकच जीव असतो. ओळ सोडून बार काढायचा नाही, हा पहिला नियम. एकटाच पुढे धावत जाऊन शौर्य गाजवणाऱ्याला ही मंडळी ‘रॅम्बो’ म्हणून हिणवतात. त्याने चार गडी टिपले तरी त्याची पाठ कोणी थोपटत नाही.

कारभार

भाचा तेव्हा इंग्लंडमधल्या लोकांनी चालवलेल्या एका पलटणीत हवालदार होता. लंडनला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. म्हणून ते जागरण. जागरणाविषयी आमची तक्रार होती आणि आहे. पण त्याच्या वहीत आम्ही जो कारभार पाहिला, त्याने आम्हाला विचारात पाडले.

नवा माणूस आला की तो रंगरूट. त्याला पहिल्या दिवशी कोणी लढाईला नेत नाही. आधी कवायत. ओळीत उभे राहणे, ओळ न मोडता वळणे, हुकूम येईपर्यंत बार न काढणे. तीन-चार हजेऱ्या भरल्या की तो शिपाई होतो. नियमित येतो, नव्यांना सांभाळून घेतो, असे दिसले की नाईक. मग हवालदार. नेमबाजी कितीही चांगली असली तरी तेवढ्यावर बढती मिळत नाही. हुकूम देणारा मेला तर खालच्याने न विचारता जागा घ्यायची असते, म्हणून माणूस भरवशाचा लागतो.

कोणी भरतीचे काम बघतो. तो मोकळ्या मैदानात अनोळखी लोकांबरोबर खेळतो, कोण ऐकतो, कोण शिव्या देतो हे पाहतो, आणि मग आमंत्रण देतो. कोणी दुसऱ्या पलटणींशी तारखा ठरवतो. कोणी हजेरीपट ठेवतो. बोलण्यासाठी पूर्वी टीमस्पीक होते, आता बहुतेक डिस्कॉर्ड वापरतात. तिथे कवायतीची खोली वेगळी, गप्पांची वेगळी, तक्रारीची वेगळी. मैदान भाड्याने घ्यायचे तर महिन्याचा खर्च येतो. तो कोण देतो आणि किती शिल्लक आहे, हे सर्वांना दिसेल असे लिहिलेले असते.

आणि पलटणी मोडतातही. भाच्याने मोडलेल्या पलटणींची एक यादीच आम्हाला सांगितली. एकीचा कर्नल सगळे काम स्वतःच करी, थकला आणि एके दिवशी न सांगता निघून गेला. त्याच्यामागे पलटण पंधरा दिवसांत संपली. एकीत दोन अधिकाऱ्यांचे पटले नाही. एकाने निम्मी माणसे घेऊन नवे निशाण उभारले. आता दोन्हींकडे ओळ धरण्याइतकी माणसे नाहीत. एकीत बढत्या मित्रामित्रांतच वाटल्या गेल्या, तेव्हा शिपाई एकेक करून गळाले. दुसऱ्याच्या पलटणीतली माणसे फोडणे हा तर त्यांच्यात मोठा अपराध, आणि तो होतोही.

हे ऐकताना आम्हाला हसू आले आणि वाईटही वाटले. वाचकहो, कर्नलच्या जागी अध्यक्ष म्हणा आणि पलटणीच्या जागी जयंती मंडळ. एका वस्तीत तीन मंडळे, तीन मिरवणुका, तीन वर्गणीची पुस्तके, आणि अभ्यासिकेत मात्र दिवा लावायला कोणी नाही. हे चित्र ज्याने पाहिले नाही असा आमचा वाचक विरळा.

आणखी एक गोष्ट आम्हाला भावली. त्या इंग्रजी पलटणीचा कर्नल दिवसा मालमोटार चालवतो आणि त्याच्या हाताखालचा एक शिपाई शाळामास्तर आहे. मास्तर चालकाला "सर" म्हणतो, कारण चालक आधी आला. हे ऐकून आम्हाला उपालीची आठवण झाली. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनीच तथागतांना विनंती केली की, आमच्या आधी या उपाली न्हाव्याला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हती, दीक्षेच्या दिवसावर होती. आज आमच्या पोरांना ही गोष्ट खेळात नवी वाटते. घरची आहे, हे त्यांना सांगायला हवे.

कोणाची नावे, कोणाची नाहीत

इथवर सारे ठीक. पण जुनी पलटण उभी करायची म्हणजे जुना इतिहासही अंगावर घ्यावा लागतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धावरच्या खेळात हा प्रश्न उघड दिसतो. तिथे खेळणारे उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या खऱ्या रेजिमेंटच्या नावाने तुकड्या चालवतात. दक्षिणेचे सैन्य गुलामगिरी राखण्यासाठी लढत होते. मग तो करडा डगला घालून तुकडी चालवणाऱ्याला ठरवावेच लागते की, हे आपण इतिहास म्हणून करतो की त्या विचाराची हौस म्हणून. नीट चालणाऱ्या तुकड्या काळ्या लोकांविषयीचा अपशब्द निघाला की माणसाला बाहेर काढतात. जिथे असा नियम नाही, तिथे काय भरते हे सांगायला नको.

त्या खेळातला काळ सप्टेंबर १८६२ च्या सुमाराचा, अँटिएटमच्या लढाईचा. तेव्हा उत्तरेच्या फौजेतही काळ्या पलटणी लढत नव्हत्या. अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला अमलात आला आणि त्यानंतर मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण उभी राहिली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर होते. या शिपायांना १० देऊ केले आणि त्यातूनही ३ कपड्यांचे कापू लागले. त्यांनी तो पगार घ्यायलाच नकार दिला. फुकट लढले, पण कमी घेतला नाही. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात त्यांची फार माणसे पडली. सार्जंट विल्यम कार्नी याने जखमी अवस्थेत निशाण वाचवले. त्याला पदक मिळाले ते १९०० साली. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते हेच गुलामगिरी नष्ट करणारे लोक. तेव्हा हा इतिहास आपल्याला परका नाही.

आता युरोपच्या खेळाकडे या. स्कॉटलंडच्या ७८ व्या हायलँडर्सचे नाव घ्यायला पुष्कळांना आवडते. ही पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढली. सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला तोच. समोर शिंदे-भोसल्यांची फौज होती. गोऱ्या पायदळाच्या पलटणी दोनच, बाकी पायदळ मद्रासकडच्या देशी शिपायांचे. वॉटर्लू झाले १८ जून १८१५ ला. त्यानंतर अडीच वर्षांनी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेकाठी कोरेगावला मुंबईच्या पहिल्या देशी रेजिमेंटची दुसरी पलटण दिवसभर अन्नपाण्यावाचून लढली. तीच कवायत, तशीच ठासणीची बंदूक, तसाच लाल डगला. म्हणजे आमचा भाचा रात्री एक वाजता जी ओळ धरायला शिकत होता, ती आपल्या पूर्वजांनी रक्ताने धरलेली होती. हे त्याला कोणत्या मास्तराने सांगितले नव्हते. त्याने ते खेळाच्या ओढीने स्वतः वाचले.

आडनाव

गेल्या दिवाळीच्या सुमारास भाच्याने आणि त्याच्यासारख्याच काही भारतीय मुलांनी आपली वेगळी तुकडी काढली. एकवीस जण जमले. महाराष्ट्रातले बरेच, काही कर्नाटकातले, दोघे दुबईला नोकरी करणारे. आपल्या घड्याळाने रात्री नऊला कवायत. आमची धाकटी बहीण खूश, की जागरण तरी सुटले.

नावाचा प्रश्न निघाला. भाच्याने सुचवले, मुंबईच्या देशी पायदळाच्या त्याच दुसऱ्या पलटणीचे नाव घेऊ. दोघा-तिघांना पसंत पडले. एक जण म्हणाला, "ते तर इंग्रजांचे भाडोत्री. आपल्याच लोकांवर चालून गेलेले."

भाचा म्हणाला, "आपण दोन वर्षं ७८ व्या हायलँडर्सच्या डगल्यात खेळलो. ते असईला कोणावर बार काढत होते? तेव्हा तुला काही वाटलं नाही."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पलीकडून विचारणा झाली, "तुझं पूर्ण नाव काय रे?"

एक वर्ष सगळे खेळातल्या नावांनी ओळखत होते. आडनावाची गरज कोणाला पडली नव्हती. भाच्याने आडनाव सांगितले. भांडण झाले नाही. कोणी शिवी दिली नाही. फक्त पुढच्या कवायतीला सात जण आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. हजेरीपटावर सात नावांपुढे रिकामी घरे वाढत गेली.

त्या आठवड्यात पोरगा जेवताना बोलेनासा झाला. मामीने विचारले तर "डोकं दुखतंय" म्हणाला. शेवटी एका रात्री त्याने आम्हाला वही दाखवली आणि सारे सांगितले. म्हणाला, "मामा, खेळात तरी वाटलं होतं..." पुढे बोलला नाही.

आम्ही त्याला काय सांगणार? कारखान्यात डबा उघडताना हा प्रश्न आम्हाला पंचवीस वर्षांपूर्वी विचारला गेला होता. तेव्हा आमचा समज असा की, पोरांच्या वाट्याला तो येणार नाही. प्रश्न तोच राहिला. आता तो तारेतून येतो, एवढाच फरक.

रविवारी त्याला घेऊन आम्ही कोरेगावला गेलो. १ जानेवारीला लाखोंची गर्दी असते, तेव्हा स्तंभ नीट पाहताही येत नाही. त्या दिवशी आम्ही दोघे आणि तुरळक माणसे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला इथे आले होते, हे त्याला ठाऊक होते. त्याने पडलेल्यांची नावे एकेक करून वाचली. एकूण ४९, त्यांत ‘नाक’ शेवटी असलेली २२. त्याने वही काढली आणि ती बावीस नावे उतरवून घेतली. आम्ही विचारले, कशाला? तो म्हणाला, "मामा, हा हजेरीपटच आहे."

परतताना एसटीत आम्ही त्याला पुढची गोष्ट सांगितली. ज्यांची नावे या दगडावर आहेत, त्यांच्या नातवा-पणतवांना इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास लढवय्या जात नाही म्हणून भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ पर्यंत मोडून टाकली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सैन्यातले. पलटणीने त्यांना शिक्षण दिले, शिक्षणाने त्या घरात बाबासाहेब घडले. म्हणून भरती बंद होणे म्हणजे नुसती नोकरी जाणे नव्हते, शाळेचे दार बंद होणे होते. बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात सर्व जातींचे जवान भरती होतात. ज्यांना बाहेर ठेवले होते, त्यांच्या पलटणीने दार कोणाला लावले नाही.

पोरगा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी येऊन त्याने तुकडीचे नियम नव्याने लिहिले. या तुकडीत आडनाव, जात, धर्म कोणी कोणाला विचारणार नाही. विचारले तर एकदा समज, दुसऱ्यांदा बाहेर. बढती हजेरीवर आणि वागणुकीवर. प्रत्येक पदाला एक पर्यायी माणूस. नाव मात्र तेच, मुंबईच्या दुसऱ्या पलटणीचे. ज्याला मान्य नाही त्याने खुशाल जावे, त्याच्यावर राग नाही.

सातांतले पाच गेले ते गेले. दोघे तीन आठवड्यांनी परत आले. त्यांतला एक तोच, आडनाव विचारणारा. म्हणाला, माझे चुकले. भाच्याने त्याला रंगरूट म्हणून घेतले. पुन्हा पहिल्यापासून कवायत. आज तो नाईक आहे.

घरातली बाजू

सारे गोडच झाले असे नाही. हिवाळ्याच्या परीक्षेत भाच्याचा एक विषय राहिला. बहिणीने फोनवर आम्हालाच धारेवर धरले. "दादा, तुझ्याकडे शिकायला ठेवलाय की पलटण चालवायला?" तिचे बरोबर होते. मेहुणे कंत्राटी कामगार, संगणक बोनसच्या पैशांतून घेतलेला. आम्ही भाच्याला सांगितले, दोन महिने कारभार दुसऱ्याकडे दे. त्याने दिला. कर्नाटकातल्या मुलाने हजेरी घेतली, दुबईवाल्याने कवायत. दोन महिन्यांनी विषय सुटला आणि तुकडी जिथे होती तिथेच उभी होती. आमच्या मते त्याने केलेले सर्वांत चांगले काम हेच. जो पुढारी बाजूला झाला तरी संघटना चालते, त्याने ती खरी बांधली.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. "सकाळी पंचशील म्हणतो आणि रात्री बंदुका चालवतो, हे बरं का?" आम्ही याचे उत्तर पटकन दिले नाही. आजही आमचे मत असे की, खेळातले मरण आणि खरे मरण यांतला फरक पोराला कळला पाहिजे. खेळात मेलेला पुढच्या फेरीत उठतो. स्तंभावरचा उठत नाही. कलिंगात लाख माणसे मारली गेली, हे अशोकाने स्वतःच शिळेवर कोरून ठेवले आणि त्याचा पश्चात्ताप लिहिला. ज्या घरात हे बोलले जाते, त्या घरातला मुलगा खेळ खेळून बिघडणार नाही. जिथे काहीच बोलले जात नाही, तिथे भीती आहे.

म्हणून आमच्या माता-भगिनींना दोन शब्द. मूल अशा खेळात असेल तर वायर उपटण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा. कोणाशी बोलतो, तिथले नियम काय, शिव्या चालतात का, पैसे मागतात का, हे विचारा. उठायची वेळ ठरवून द्या आणि ती पाळायला लावा. परीक्षेआधी कारभार सोडायचा, हे आधीच कबूल करून घ्या. कोणी आडनाव विचारून दुखावले असेल तर पोर बोलत नाही, फक्त गप्प होते. ते गप्प होणे ओळखा.

आणि आमच्या मंडळांना, विहार समित्यांना एक विनंती. तथागतांनी वज्जींविषयी सांगितले होते की, ते वारंवार एकत्र जमतील, एकीने बसतील, एकीने उठतील, तोवर त्यांची हानी होणार नाही. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला ‘संघटित व्हा’ हा शब्द आपण भाषणात पुष्कळ वापरतो. एकवीस पोरांची तुकडी हजेरी ठेवते, हिशेब उघडा ठेवते, अध्यक्षाला पर्याय ठेवते. आपण निदान हजेरीपासून सुरुवात करू. येत्या पौर्णिमेला विहारात किती जण आले, कोण आले नाही, का आले नाही, एवढे एका वहीत लिहा. ज्याच्या नावापुढे घर रिकामे आहे, त्याच्या दारी दुसऱ्या दिवशी जा.

काल रात्री नऊला बहीण आमच्याकडे होती. भाचा हेडफोन लावून बसला. भाजी निवडता निवडता तिने विचारले, "काय रे, आज किती आले?"

"एकोणीस," तो म्हणाला. "दोघांचे निरोप आहेत."

"मग घे हजेरी. साडेदहाला बंद."

जयभीम.